दिल्लीतला लपलेला इतिहास शोधायचा असेल तर: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

दिल्लीला जाऊन आलेल्यांचे फोटो पाहिले की चूक लगेच दिसते. लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनची कबर, इंडिया गेट, सगळं एका दिवसात, एकाच टॅक्सीतून. मग पुढच्या खेपेला 'या वेळी जरा वेगळं बघू' म्हणून अग्रसेन की बावली (पायऱ्यांची जुनी विहीर) गाठायची आणि तिथे पायऱ्यांवर रील काढणाऱ्या दोनशे जणांमध्ये आपणही उभं राहायचं. जागा वाईट नाही, पण ती आता लपलेली राहिलेली नाही.

दिल्लीत न दिसणाऱ्या गोष्टी दूर कुठे नसतात. त्या बघितलेल्या जागेच्या मागच्या गल्लीत, दुकानाच्या पाटीच्या वर, गावाच्या नावात असतात. त्या सापडत नाहीत कारण लोक क्रम उलटा धरतात: आधी पोचतात, मग वाचतात. खालचा क्रम मी बऱ्याच चुका करून बसवला आहे.

## टप्पा 1: शहर नको, इलाका निवडा

'सात दिल्ली (वेगवेगळ्या काळी वसलेली सात जुनी शहरं) एका सहलीत' हा बेत आधी डोक्यातून काढा. एक दिवस, एक इलाका, आणि तोही पायी. चार दिवस असतील तर चार इलाके, दोनच असतील तर दोन. त्याहून जास्त घेतलेत तर उरलेला वेळ रिंग रोडवर जातो.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी माझा क्रम असा:

1. काश्मिरी गेट ते लाल किल्ला (लोथियन रोड). अर्धा दिवस, नजर तयार करायला.
2. मेहरौली. पूर्ण दिवस.
3. निजामुद्दीन बस्ती आणि आसपास. सकाळ एकदा, संध्याकाळ एकदा.
4. शाहजहानाबादच्या, म्हणजे जुन्या दिल्लीच्या गल्ल्या. दोन वेगवेगळ्या सकाळी.

बेगमपूर, खिडकी, सतपुला, तुघलकाबाद, उत्तरेचा रिज (टेकड्यांची रांग) हे सगळं दुसऱ्या खेपेसाठी ठेवा. तुघलकाबाद मोठं आणि उघडंबोडकं आहे. तिथे काय बघायचं ते कळायला आधी लहान जागांवर सराव झालेला बरा.

तपासा: निवडलेला इलाका नकाशावर दोन-अडीच किलोमीटरच्या आत बसतो का? बसत नसेल तर तो इलाका नाही, यादी आहे.

## टप्पा 2: घरी बसून करायची तयारी

सगळ्यात जास्त हयगय इथेच होते, म्हणून इथे जरा थांबतो.

जुनी यादी उतरवून घ्या. दिल्लीच्या वास्तूंची बारकाईने केलेली एक सरकारी यादी 1916 ते 1922 या काळात चार खंडांत छापली गेली. ती मौलवी जफर हसन यांनी केली. इमारत कुठे आहे, कोणाची, शिलालेख आहे का, अवस्था कशी, असं एकेका ओळीत दिलेलं आहे. इंग्रजीत आहे, पण भाषा कोरडी आणि सोपी आहे, आणि इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळते. त्याआधी सर सय्यद अहमद खान यांनी 1847 मध्ये 'आसार-उस-सनादीद' लिहिलं होतं. तो ग्रंथ उर्दूत आहे, त्यामुळे बहुतेकांना जफर हसनच सोयीचे. आपल्या इलाक्याची फक्त आठ-दहा पानं काढा. चारही खंड डाउनलोड करून ठेवणारे लोक एकही वाचत नाहीत, स्वानुभव.

यादीतलं सगळं जमिनीवर असेलच असं धरू नका. शंभर वर्षांत पुष्कळ काही गेलं. 2024 मध्ये पुरातत्त्व खात्याने देशभरातली 18 संरक्षित स्मारकं यादीतून वगळायचं ठरवलं. त्यात दिल्लीचं बाराखंबा कब्रस्तानही होतं. म्हणून यादीतलं नाव उपग्रह नकाशावर बघा. घुमट वरून गोल ठिपक्यासारखा दिसतो, बावली लांबट काळ्या चौकोनासारखी.

एकाच नावाच्या दोन जागा ओळखा. बाराखंबा म्हणजे बारा खांबांची इमारत. ती निजामुद्दीनला आहे, हौजखासजवळ आहे आणि कॅनॉट प्लेसजवळ त्याच नावाचा रस्ता आणि मेट्रो स्टेशनही आहे. मी पहिल्या वेळी मोबाइलमध्ये 'बाराखंबा' टाकून निवांत बसलो आणि उतरलो तेव्हा चहूकडे ऑफिसांच्या काचेच्या इमारती. मोती मशीद लाल किल्ल्यातही आहे आणि मेहरौलीतही. सुनहरी मशीद चांदनी चौकात आहे, दुसरी लाल किल्ल्याजवळ. शोधताना नावापुढे इलाका लिहायचाच.

लोकांचं नाव वेगळं लिहून ठेवा. मेहरौलीत 'अधम खान का मकबरा' विचारलंत तर निम्मे लोक मान हलवतील. 'भूलभुलैया' म्हणालात की पोरंसुद्धा बोट दाखवतात. रिजवरच्या अशोकस्तंभासाठी 'हिंदूराव हॉस्पिटल' विचारायचं.

गावांची नावं फोडा. हे काम गाडीत बसूनही होतं. 'सराय' म्हणजे प्रवाशांचा मुक्काम: युसूफ सराय, कटवारिया सराय, सराय काले खाँ. 'कोटला' म्हणजे गढी. कोटला मुबारकपूरमध्ये सय्यद घराण्यातला सुलतान मुबारक शाह पुरलेला आहे. 'बारापुला' फ्लायओव्हरचं नाव जवळच्या मोगलकालीन पुलावरून आलंय. खारी बावलीतली बावली नाहीशी झाली, नाव राहिलं. जुन्या दिल्लीत 'कटरा' म्हणजे एका दरवाजाआडचं बाजाराचं चौकोनी आवार, 'कूचा' म्हणजे वस्तीची गल्ली, 'छत्ता' म्हणजे वर घर आणि खालून वाट. आणि 'चावडी बाजार' ऐकून मराठी माणसाचे कान उभे राहिले पाहिजेत. ते नाव आपल्या चावडीवरूनच आलं असं तिथेही सांगतात.

हिजरी (इस्लामी) सन इसवी सनात बदलायला शिका. शिलालेखाचं भाषांतर मिळालं तरी साल बहुधा हिजरी असतं. त्याला 0.97 ने गुणा आणि 622 मिळवा. राजों की बावलीजवळच्या छत्रीवरचा लेख 912 हिजरीचा आहे. 912 गुणिले 0.97 म्हणजे साधारण 885, अधिक 622, म्हणजे 1506-07. एखाद्या वर्षाची चूकभूल होते, पण सिकंदर लोदीचा काळ हे पक्कं कळतं.

## टप्पा 3: वार आणि वेळ

- लाल किल्ला सोमवारी बंद. बहुतेक सरकारी संग्रहालयंही सोमवारीच बंद असतात.
- शुक्रवारी दुपारी मशिदींकडे जाऊ नका. इतर दिवशीही नमाजाच्या वेळी बाहेर थांबावं लागतं.
- चांदनी चौकाची दुकानं रविवारी बहुतेक बंद असतात. इमारती बघायला तोच दिवस. व्यापार बघायचा तर आठवड्यातला कामाचा दिवस. म्हणून वर दोन सकाळी लिहिल्या आहेत.
- बहुतेक स्मारकं सूर्योदय ते सूर्यास्त उघडी असतात. हिवाळ्यात सूर्यास्त लवकर आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं. फेब्रुवारी-मार्च किंवा ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा उत्तम.

सावधान: मेहरौलीचं पुरातत्त्व उद्यान आणि रिज इथे दुपारी चारनंतर नव्याने आत शिरू नका आणि एकटे जाऊ नका. झाडी दाट आहे, वाटा फुटतात, रिजवर माकडं आहेत. हातात खाऊची पिशवी दिसली की ती तुमची राहत नाही.

## टप्पा 4: पहिल्या दिवशी फक्त नजर तयार करा

काश्मिरी गेट मेट्रोला उतरा आणि लोथियन रोडने दक्षिणेकडे चाला. सव्वा-दीड किलोमीटरचा सरळ रस्ता आहे, चुकायला जागा नाही. वाटेत या क्रमाने लागतं: काश्मिरी दरवाजा, जेम्स स्किनरने बांधलेलं 1836 चं सेंट जेम्स चर्च, शाहजहानचा मुलगा दारा शुकोह याच्या ग्रंथालयाची इमारत (आता तिथे फाळणीचं संग्रहालय आहे) आणि रस्त्याच्या मधोमध उरलेले इंग्रजांच्या दारूगोळा कोठाराचे दरवाजे. ते कोठार 11 मे 1857 ला आतल्या इंग्रजांनीच उडवून दिलं.

इथे एकच काम करायचं. प्रत्येक वास्तूसमोर उभं राहून तीन प्रश्न विचारायचे: मूळ काय होतं, नंतर काय चिकटवलं, आज कशासाठी वापरतात. काश्मिरी दरवाजाच्या दगडावर 1857 च्या तोफगोळ्यांच्या खुणा आहेत. त्या शोधायला दहा मिनिटं द्या. दारा शुकोहच्या इमारतीला समोरून युरोपीय खांबांचा ओटा आहे. मागच्या बाजूला गेलं की आतली मोगल घडण दिसते. हा एक प्रकार समजला की पुढे दिल्लीभर ओळखता येतो.

नेहमीची चूक: माहितीफलक आधी वाचणे. फलक वाचला की डोळे त्यातलंच शोधतात. आधी बघा, वहीत दोन ओळी लिहा, मग फलक.

## टप्पा 5: मेहरौली, पायी आणि याच क्रमाने

बहुतेक लोक कुतुबमिनारपासून सुरुवात करून तिथेच थकतात. तुम्ही उलट करा. साकेत मेट्रो स्टेशनहून रिक्षाने लाडो सरायच्या बाजूने पुरातत्त्व उद्यानात शिरा, सकाळी आठच्या आत. कुतुब शेवटी.

5.1 दिल्लीचा सुलतान बलबन याची कबर. पडझड झालेली आहे, पाच मिनिटांत बघून होते असं वाटतं. थांबा. कमानीचे दगड बघा: पाचरीसारखे कापलेले, सगळे एका मध्याकडे झुकलेले. ही खरी कमान, आणि भारतात उरलेल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. 1287 च्या आसपासची. हिचा फोटो काढून ठेवा, संध्याकाळी लागेल.

5.2 जमाली-कमाली. ही एक मशीद आणि तिच्याशेजारची कबर. मशीद 1528-29 ची, म्हणजे बाबराच्या काळातली. कबरीच्या खोलीला बहुधा कुलूप असतं. चौकीदाराला नीट विचारलं तर कधी उघडतात, कधी नाही. मला त्याने आधी विचारलं, 'कहाँ से आए हो?' पुण्याहून म्हटल्यावर म्हणाला, 'इतनी दूर से? तो दो मिनट।' दोन मिनिटं म्हणजे खरोखर दोन मिनिटं. आत रंगीत चुनेगच्चीचं छत आहे. मोबाइलचा टॉर्च नको, डोळे अंधाराला सरावू द्या. पैसे पुढे करून कुलूप उघडवायचा प्रयत्न करू नका.

5.3 कुली खानची कबर. ही बघताना डोकं जरा चक्रावतं. मोगल दरबारातला इंग्रज रेसिडेंट थॉमस मेटकाफ याने एका मोगल सरदाराची कबर घेऊन तिचं सुटीतलं घर केलं आणि आजूबाजूला बाग, हौद, शोभेच्या छत्र्या उठवल्या. त्यामुळे उद्यानातल्या काही 'प्राचीन' छत्र्या मोगल नाहीत, साहेबाची हौस आहे. कोणत्या, ते चौथ्या टप्प्यातले तीन प्रश्न वापरून ठरवा.

5.4 राजों की बावली. राज म्हणजे गवंडी. ते कधीकाळी इथे राहायचे, त्यावरून नाव. राजांशी संबंध नाही. खाली उतरू नका, कठड्याजवळून बघा.

इथून मेहरौली गावात बाहेर पडता येतं. पुढे भूलभुलैया, म्हणजे अधम खानची कबर. मग सूफी संत बख्तियार काकींचा दर्गा आणि त्याला लागून मोगलांचा जफर महल.

5.5 जफर महलमधली मोकळी जागा. इथे घाई करू नका. दर्ग्याच्या बाजूला संगमरवरी जाळीच्या आवारात शेवटच्या काही मोगल बादशहांच्या कबरी आहेत. त्यांत दुसरा शाह आलम आहे आणि दुसरा अकबर शाह आहे. आणि एक जागा रिकामी आहे. बहादूर शाह जफरने ती स्वतःसाठी ठेवली होती. तो 1862 मध्ये रंगूनला कैदेत वारला आणि तिथेच पुरला गेला. फरशीचा तो रिकामा तुकडा फोटोत काहीच दिसत नाही, म्हणून लोक तो न बघताच निघतात.

5.6 कुतुब, उतरत्या उन्हात. आता सकाळी काढलेला फोटो मोबाइलवर उघडा. कुतुबच्या आवारातल्या मशिदीसमोरचा उंच कमानींचा पडदा 1199 च्या सुमाराचा. त्याच्या कमानींचे दगड आडवे थर देत, थोडे थोडे पुढे सरकवत नेले आहेत. म्हणजे आकार कमानीचा, बांधणी देवळाच्या गवंड्याची. मग शंभरेक पावलांवर 1311 चा अलाई दरवाजा बघा: पाचरीचे दगड, खरी कमान. तुमच्या मोबाइलमधली बलबनची कमान या दोन्हींच्या मधली. कारागिरांच्या हातांना नवी विद्या कधी आली ते एका दिवसात तीन जागी दिसतं. यासाठी कुतुब शेवटी ठेवायचा.

तपासा: दिवसाअखेर पाय दुखत असतील तर ठीक. वहीत चार पानांपेक्षा कमी भरली असतील तर तुम्ही नुसते चाललात.

## टप्पा 6: निजामुद्दीन आणि शाहजहानाबाद

निजामुद्दीनला गुरुवारी संध्याकाळी कव्वालीसाठी सगळे जातात. तुम्हीही जा, पण कबरी बघायला कामाच्या दिवसाची सकाळ धरा. डोकं झाकायला रुमाल हवा. बायकांना मजारीच्या आतल्या खोलीत प्रवेश नाही, बाहेरच्या जाळीपाशी बसता येतं. दर्ग्याच्या आवारातच अमीर खुसरो आहेत आणि शाहजहानची लेक जहाँआरा आहे. तिच्या कबरीवर छत नाही, वर माती आणि हिरवळ आहे. चादर चढवायला, देणगीच्या वहीत आकडा लिहायला आग्रह होतो. हात जोडून पुढे जा, वाद घालू नका.

मग शेजारची अकबराचा मंत्री अतगा खान याची कबर शोधा. छोटी आहे, पण कोरीवकाम असं की हुमायूनच्या कबरीपेक्षा मला तीच आवडते. 1562 मध्ये याचा खून ज्याने केला तो अधम खान, म्हणजे मेहरौलीचा भूलभुलैया. अकबराने त्याला आग्रा किल्ल्याच्या गच्चीवरून दोनदा खाली फेकवलं. मारणारा आणि मेलेला शहराच्या दोन भागांत पडून आहेत.

जुन्या दिल्लीत नियम एकच: मान वर. खालच्या मजल्यावर पाट्या, वायरी आणि शटर आहेत. वरच्या मजल्यावर सज्जे, जाळ्या, तुटलेल्या महिरपी तशाच आहेत. गिलावा उडालेल्या भिंतीत पातळ विटा दिसतील, जाडी एक इंचाच्या आसपास. त्या लाखौरी विटा. त्या दिसल्या की भिंत जुनी समजा, दुकानाची पाटी काहीही म्हणो. किनारी बाजारातलं नौघरा चुकवू नका: नऊ जैन घरांची रंगीत दारांची गल्ली. आणि भगीरथ पॅलेसच्या विजेच्या सामानाच्या बाजारात दिव्यांच्या माळांआडून मोठे खांब डोकावतात. ती सरधन्याची राज्यकर्ती बेगम समरू हिची हवेली.

सावधान: ही लोकांची घरं आहेत. दार उघडं दिसलं म्हणून आत शिरू नका, जिन्यावर चढू नका. 'अंदर से देख सकते हैं?' एवढं विचारलं तर बरेचदा होकार येतो. कॅमेरा त्यानंतर.

## टप्पा 7: इलाके झाले की एक धागा धरा

हे शेवटी करायचं, आधी नाही. आधी केलंत तर परत टॅक्सीच्या खिडकीतून दिल्ली बघाल. मराठी वाचकाला सहज हाती येणारा धागा मराठ्यांचा, आणि तो पानिपतपाशी संपत नाही.

लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासचं छत बघा. तिथली चांदी 1760 मध्ये सदाशिवराव भाऊंनी सैन्याच्या खर्चासाठी उतरवली. ही गोष्ट आपल्याकडे जरा हळू आवाजात सांगतात, तिथे मोठ्याने. मेहरौलीत पाहिलेला शाह आलम हा ज्याचे डोळे 1788 मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिरने काढले तोच, आणि त्याला पुन्हा तख्तावर बसवणारे महादजी शिंदे. रिजवरचं हिंदूराव हॉस्पिटल कागलच्या हिंदूराव घाटग्यांच्या नावाचं, बायजाबाई शिंद्यांचे ते भाऊ. इंग्रज अधिकारी विल्यम फ्रेझरचा बंगला त्यांनी घेतला होता. त्याच आवाराजवळ अशोकाचा एक स्तंभ आहे, तुकडे जोडून उभा केलेला. आणि यमुनेपलीकडे, 11 सप्टेंबर 1803 ला इंग्रज सेनापती जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, त्याचा स्मृतिस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्सच्या आत आहे. आत सोडतील की नाही ते फाटकावर आधी विचारा.

## टप्पा 8: त्याच रात्री करायचं काम

वहीत तीन रकाने आखा: दगडावर लिहिलेलं, जुन्या यादीत असलेलं, ऐकलेलं. दिवसभरातली प्रत्येक गोष्ट यांपैकी एकात टाका. 'इथून आग्र्यापर्यंत भुयार आहे' हे प्रत्येक बावलीवर ऐकू येतं, ते तिसऱ्या रकान्यात. अग्रसेन की बावली महाभारतकाळातली, तेही तिसऱ्याच. तिसरा रकाना फेकून देऊ नका. फिरोजशाह कोटल्याच्या तळघरांत गुरुवारी लोक जिनांना (अदृश्य शक्तींना) अर्ज लिहून ठेवतात. ते अर्ज तिसऱ्या रकान्यातले, पण तुमच्या डोळ्यांसमोर भिंतीच्या कोनाड्यात ठेवलेले असतात. त्यांचे फोटो काढू नका, त्यांवर लोकांची नावं आणि दुखणी असतात.

फोटोंना नावंही तेव्हाच द्या, इलाक्यासकट. तीन दिवसांनी सगळे घुमट सारखे दिसायला लागतात. माझ्याकडे एका सुंदर कमानीचे अकरा फोटो आहेत आणि ती कुठली, हे अजून सापडलेलं नाही.